त्रेचाळिसावी ओळ

१

चपला दाराबाहेर काढायच्या, हा त्या खोलीचा पहिला नियम होता. देवळासारखा. आत देव नव्हता, टेबलावर काळ्या काचेचा एक डबा होता आणि त्यावर हिरवी अक्षरं उमटायची. त्याला धूळ चालत नाही म्हणून साहेबसुद्धा बूट काढून मोज्यांवर आत यायचे. रुद्राणीला ते बरं वाटायचं. आत कोण आहे, कोण नाही, ते दारातल्या चपला मोजून कळायचं. येताजाता काहीबाही मोजत राहायची तिला सवयच होती.

जिल्हा नवा, उणापुरा पाच वर्षांचा. कचेरी अजून भाड्याच्या इमारतीत. आणि दुष्काळाचं हे तिसरं वर्ष. सगळ्या इमारतीत थंड हवा फक्त या खोलीत, तीही यंत्रासाठी. एसीच्या नळीतून टप टप पाणी गळायचं. शिपायानं त्याखाली बादली लावली होती, आणि संध्याकाळी त्या बादलीवर कुणाचा हक्क यावरून आवक विभागात रोज कुरबुर व्हायची.

रुद्राणी लोह्याची. बी. कॉम. झालेली, टायपिंगची, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पहिल्या वर्गात पास. वडील नव्हते, मामाच्या घरी वाढली. तीन महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीचा कागद आला तेव्हा मामा म्हणाले होते, "तीन महिने बघू. कायम झालीस तर तुझं तू. न्हाईतर उदगीरचं स्थळ थांबायला तयार हाय." त्या स्थळाला पहिल्या बायकोची दोन लेकरं होती. रुद्राणीचे आता सोळा दिवस उरले होते.

काम एकच. तहशिलीतून येणारे कागद बघून टँकरच्या गावांची यादी यंत्रावर नीट करायची, रोज साडेदहाला छापून साहेबांच्या सहीला ठेवायची. गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत, शेवटी माणसांचा आकडा. एका गावाची एक ओळ. अशा बेचाळीस ओळी.

लिहायच्या त्या प्रोग्रामचं नाव व्ही-आय. शिकवायला एक चष्मेवाले सर आठ दिवस येऊन गेले होते, आणि जाताना कळांचा एक कागद हातानं लिहून ठेवून गेले होते. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "हे मशीन दोन तऱ्हेनं ऐकतं बरं का. कधी तुम्ही म्हणाल ते लिहून घेतं, कधी तुम्ही म्हणाल ते करतं. 'आय' दाबलं की लिहून घ्यायला बसतं. 'एस्केप' दाबलं की हुकूम ऐकायला उभं राहतं. मग त्याच अक्षरांचे हुकूम होतात. दोनदा 'डी' दाबलं, ओळ गेली. 'यू' दाबलं, गेलेली परत आली."

"आणि आत्ता ते बसलंय का उभं, हे कळायचं कसं?" रुद्राणीनं विचारलं होतं.

"पडद्यावर काही दिसत नाही. शंका आली की एस्केप दाबा. टुं वाजलं की समजा, लिहिणं बंद आहे, तुम्ही सुरक्षित. टुं नाही वाजलं तर समजा, लिहिणं चालू होतं. पुन्हा दाबा, म्हणजे वाजेल."

इथंच तिचा घोळ व्हायचा. टायपिंग क्लासात तिला बोटांवर पट्टी मारून मारून एकच गोष्ट शिकवलेली: नजर कागदावरून हलू द्यायची नाही. बोटं आपलं बघून घेतात. पहिल्या आठवड्यात 'आय' दाबायचं विसरून तिनं आख्खं पान टाइप केलं, खाली मान, चाळीसच्या गतीनं. मधेमधे टुं टुं वाजत होतं, तिला वाटलं यंत्र शाबासकी देतंय. मान वर केली तर यादीचा निम्मा भाग गायब. उरलेला उलटासुलटा.

"म्याडम," टंचाई शाखेचे शेषेराव दारातून म्हणाले होते, "तुम्ही तर पाच मिन्टात दुष्काळच संपवला की!"

२

ती राहायची ती खोली सरजाबाईंची. नळाला पाणी आठव्या दिवशी, पण रांग आठवडाभर लागलेली. माणसांची नव्हे, घागरींची. गल्लीच्या डाव्या कडेला, भिंतीला लागून, एकामागे एक. वाऱ्यानं लवंडू नये म्हणून प्रत्येकीत एक दगड. रुद्राणीची घागर नवीकोरी, स्टीलची. मामांनी लोह्याच्या बाजारात गळ्यावर नाव घालून आणलेली: रुद्राणी, लोहा. सकाळी कामाला निघताना ती आपली घागर जागेवर आहे ना बघायची, मग पुढच्या मोजायची.

"काय रोज मोजायलीस गं?" सरजाबाई म्हणायच्या. "हितं नंबर मोडत न्हाई कुणी. माणूस गावाला गेलं तरी घागर हालवत न्हाईत."

"आणि ती एक पालथी का आहे?"

"ती नागूबाईची. मागल्या मंगळवारी गेली की बिचारी. तेराव्यापतोर घागर पालथी ठेवायची, नंबर तिचा ऱ्हातो. मग घरचे घेऊन जातेत."

तो सोमवार होता. रुद्राणी खोलीत गेली, चपला काढल्या, यंत्र सुरू केलं, यादी उघडली. उघडल्याबरोबर पडद्याच्या तळाशी यंत्र स्वतःच सांगतं, किती ओळी आहेत ते. शनिवारी तिनं बेचाळीस ठेवून बंद केली होती.

तळाशी आकडा होता त्रेचाळीस.

ती खाली खाली गेली. बेचाळिसाव्या ओळीनंतर, जिथं यादी संपते नि पडद्याच्या डाव्या कडेनं रिकाम्या जागेच्या त्या लाटेसारख्या खुणा सुरू होतात, एकीखाली एक, पार तळापर्यंत, तिथं पहिल्या खुणेच्या जागी एक ओळ होती. रेवणप्पाची वस्ती. माणसं एक्केचाळीस.

आपणच घातली असणार, तिला वाटलं. नजर कागदावर, बोटं चालू. कुठल्या तरी कागदावरून आली असेल. तिनं सगळे कागद उलटून पाहिले. हे नाव कुठंच नव्हतं.

तिनं एस्केप दाबलं. टुं. डी, डी. ओळ गेली. बेचाळीस. छापली, सही झाली.

मंगळवारी सकाळी त्रेचाळीस. रेवणप्पाची वस्ती. माणसं चाळीस.

३

बुधवारी एकोणचाळीस झाले तेव्हा तिनं शेषेरावांना आत बोलावलं. ते चपला काढून, धोतराचा सोगा सावरत आले, पडद्याकडं लांबूनच बघितलं.

"रेवणप्पाची वस्ती," त्यांनी वाचलं, आणि त्यांचा थट्टेचा सूर गेला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. येतंय आपोआप. आहे का असं गाव?"

"हाय म्हणजे... होतं. जिल्हा फुटला ना, तवा नकाशावर रेघ वढली. रेघ गेली नाल्यानं. वस्ती नाल्यात न्हाई, नाल्याच्या मधी जो उंचवटा हाय, त्याच्यावर. ह्या काठाचं म्हनलं तर त्या काठाचं, आन् त्या काठाचं म्हनलं तर ह्या काठाचं." त्यांनी कपाळ पुसलं, थंड हवेत. "जुन्या जिल्ह्याच्या दफ्तरात लिहिलंय, तुमच्याकडं दिलं. आपल्या दफ्तरात लिहिलंय, आलंच न्हाई."

"मग तिथल्या माणसांना टँकर?"

"कुनाच्या यादीत?"

त्यांनी तिच्यासमोर जुन्या जिल्ह्याला फोन लावला. ट्रंक कॉल, अर्धा तास थांबून. पलीकडचा आवाज रुद्राणीलाही ऐकू आला, बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा: "ती वस्ती तुमची. आमच्याकडं नाव न्हाई." शेषेरावांनी फोन ठेवला.

"तिथली माणसं आली नव्हती कधी? अर्ज वगैरे घेऊन?"

"दोन उन्हाळ्यामागं आलते. पायरीवर बसून ऱ्हायले दिवसभर. साहेब दौऱ्यावर. मी म्हनलं, हा तुमचा जिल्हा न्हाई, तिकडं जावा." ते चपला घालायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. "सगळ्या बायामानसांनी घागरी आनल्या होत्या सोबत. रिकाम्या."

गुरुवारी साहेबांनी स्वतःच पडदा बघितला. शेषेरावांनीच सांगितलं असणार, भीतीपोटी. साहेब मोज्यांवर उभे राहून म्हणाले, "नोंदवहीत गावं किती?"

"बेचाळीस, सर."

"मग इथं त्रेचाळीस कशी? नसलेल्या गावाला मी टँकर कसा देऊ? काढा ते. आणि बघा, तुमच्या कामाचा अहवाल मलाच पाठवायचाय. उद्या ही ओळ पुन्हा दिसली, तर पुढल्या महिन्यात तुम्ही दिसणार नाही."

तिनं त्यांच्यादेखत डी, डी दाबलं. ओळीत आकडा अडतीस होता. साहेबांनी तो वाचलाच नाही.

४

आकडा कमी होत होता. त्याचा अर्थ काय हे रुद्राणीनं स्वतःला विचारलं नाही; तिनं वेगळंच विचारलं. बोटं आपोआप चालतात ना आपली? मग आपणच लिहीत असू. मनात आकडे घोळत राहतात, बोटांतून उतरत असतील. रात्री नीट झोप नाही, उदगीरचं स्थळ डोक्यात. हे पटण्याजोगं होतं. तिला ते इतकं पटलं की शुक्रवारी सकाळी सदतीस उमटलेलं बघून तिनं ओळ काढली, यादी छापून सहीला पाठवली, आणि जेवणाच्या सुट्टीत यादी पुन्हा उघडून, दोन्ही हात मांडीखाली घालून, त्यांच्यावर बसून राहिली.

एसीचं पाणी बादलीत पडत होतं. टप. टप. पडद्यावर बेचाळीस ओळी, खाली डाव्या कडेनं त्या खुणा. तिला पहिल्यांदाच त्या गल्लीतल्या घागरींसारख्या वाटल्या. भिंतीला लागून, एकामागे एक, कुणी तरी येईल म्हणून ठेवलेल्या.

काही झालं नाही. वीस मिनिटं काही झालं नाही. तिला हसू आलं. हात मोकळे करून तिनं कपाळावरचे केस मागं सारले.

टुं.

ती खुर्चीसकट मागं सरकली. एस्केप कुणी दाबलं? तिचे दोन्ही हात केसांत होते. तिनं दाराकडं पाहिलं. चपलांचा एकच जोड दिसत होता, तिचा. पण त्याच्याशेजारी फरशीवर धुळीचे ठसे होते, अनवाणी पावलांचे. बोटं तिच्या दाराकडं. आणि उंबऱ्याच्या आत एकही नव्हता.

शिपाई अनवाणी फिरतो, तिनं स्वतःला सांगितलं. फिरतोच तो. बादली बघायला आला असेल.

शनिवारी आकडा छत्तीस. तिनं ओळ काढली, यादी छापली, यंत्र बंद केलं आणि कळांच्या पाटीवर धुळीचं कापड घालून सुतळीनं बांधलं. तीन गाठी मारल्या, मामा ज्वारीच्या पोत्याला मारतात तशा. दुसरं कुणी तशी गाठ मारू शकणार नाही. मग ती खाली टँकरच्या मैदानात गेली.

५

मलप्पा टँकर चालवायचा, उदगीरकडच्या रस्त्याला. पन्नाशीचा माणूस, तोंडात कायम पान, बोलण्यात अधूनमधून कन्नड.

"रेवणप्पाची वस्ती?" तो म्हणाला. "फाट्यावरनं रोज जातो की म्या. लांबून दिसती."

"माणसं आहेत तिथं?"

"घागरी हायती." त्यानं पिंक टाकली. "मानूस न्हाई बघितला म्या. लोकं असतील घरात. ऊन लई हाय."

"मला नेता का? उद्या?"

"कशाला अक्का? तुमच्या त्या टीव्हीत बसल्या जागी समदं दिसतंय म्हन्तेत."

पण त्यानं नेलं. रविवारी सकाळी निघताना रुद्राणीनं सवयीनं रांगेत आपली घागर बघितली. होती जागेवर, दगडासकट. केबिनमध्ये ती दाराला धरून बसली. मागं टाकीत पाणी खळखळत होतं, वळणावर सगळी गाडी एका अंगाला ओढली जात होती. फाट्यावरून मलप्पानं गाडी आत घातली. नाला कोरडा, पांढरा. उंचवट्यावर पाचसात घरं, दारं लावलेली. कुत्रं नाही, कोंबडी नाही. चुलीचा धूर नाही.

विहिरीपासून वाटेच्या डाव्या कडेनं घागरींची ओळ होती. मातीच्या, तांब्याच्या, एक पत्र्याचा डबा. प्रत्येकीत दगड.

रुद्राणी खाली उतरली नाही. काचेतूनच मोजलं. एक्केचाळीस. पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. त्यांतल्या पाच पालथ्या होत्या. एक्केचाळिसातून पाच गेले छत्तीस, हे तिनं मुद्दाम केलं नाही. ते आपोआपच झालं.

"मलप्पा, पाणी आहे ना टाकीत? ओता ना इथं."

"कसं ओतू? हे पानी लिहिलेल्या गावाचं. तिथल्या बाया रस्त्यावर बसून असतील. यादीत नाव पायजे, पावतीवर सही पायजे. यादीत घाला अक्का, मग दररोज आनतो."

तिनं त्याच्याकडं तोंड वळवलं, काहीतरी बोलायला. तेवढ्यात मागं आवाज झाला. टण. दगडावर तांब्याचं तोंड टेकावं तसा.

तिनं वळून बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं. ओळीतली सहावी घागर पालथी होती, तिच्यातला दगड शेजारी पडलेला. आणि घागर अजून स्थिर झाली नव्हती. काठावर डुगडुगत होती, हळूहळू, हळूहळू, आणि थांबली.

"चला," रुद्राणी म्हणाली. "मलप्पा, चला, चला."

मलप्पानं गाडी वळवली नाही, तशीच मागं मागं घेतली, पार फाट्यापर्यंत. त्या घागरींकडं पाठ करायला त्यालाही नको वाटलं असावं.

दुपारी ती गल्लीत परतली तर रांगेत तिची घागर नव्हती. तिच्या जागी नुसता दगड.

"अगं, तूच न्हाई का उचलून नेलीस मघाशी?" सरजाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "म्या हाका मारल्या. वळून बघितलं न्हाईस. चप्पल बी घातली न्हवतीस उन्हाचं."

६

सोमवारी तिनं आधी सुतळी तपासली. तीन गाठी, जशाच्या तशा. सोडल्या, यादी उघडली. त्रेचाळीस ओळी. माणसं पस्तीस.

बोटं नेहमीच्या जागी गेली. उजव्या हाताच्या करंगळीखाली घाम होता. डी दोनदा दाबायचं, बस. सोळा दिवसांतले आता नऊ उरले होते. बेचाळीस ओळींची यादी सहीला गेली असती, अहवाल चांगला गेला असता, उदगीरच्या माणसानं दुसरी मुलगी बघितली असती. तिनं डोळे मिटले तर डुगडुगणारी घागर दिसली.

तिला नवीन काही लिहावं लागलं नाही. काढलं नाही, एवढंच. तशीच छापली.

कागद साहेबांकडं जाण्याआधी शेषेरावांकडं जायचा, नोंदवहीशी ताडायला. त्यांनी बोट ठेवत ठेवत बेचाळीस गावं ताडली. बोट पुढच्या ओळीवर आलं. ते बराच वेळ तिथंच होतं. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"म्याडम, आज माझा चष्मा घरीच ऱ्हायला बघा," ते म्हणाले, आणि शिक्का मारला.

साहेबांनी शिक्का बघून सही केली.

मलप्पा संध्याकाळी परतला तो वर आला. या आधी तो कधी वर आला नव्हता. दाराबाहेर चप्पल काढून उभा राहिला, आत येईना. तोंडात पान नव्हतं.

"ओतलं?" रुद्राणीनं विचारलं.

"ओतलं म्हंजे... म्या पाइप सोडला नि केबिनमंदी बसलो. बाहेर बसवना. आवाज येत होता, एकेक घागर भरल्याचा. भरत आली की कसा आवाज चढतो, तसा. एक झाली, मग दुसरी. पाइप कुनी हलवला, मला इचारू नका." त्यानं पावतीचा कागद उंबऱ्यावरून पुढं केला. सहीच्या जागी अंगठे होते, सगळ्या कागदभर, एकात एक. शाईचे नव्हते. मातीचे. "ह्यो म्या आरशाला अडकवला होता. निघताना बघितलं तर असा."

रुद्राणीनं कागद हातात घेतला नाही.

"आनखी एक, अक्का. वळीत शेवटाला एक घागर जास्त हाय आज. स्टीलची, नवी. गळ्यावर नाव घातलंय. मला वाचता येतंय थोडंफार." तो चपलेत पाय घालायला लागला, आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "तुम्ही तितं जायाला नको होतं. वळीपाशी थांबलं की नंबर लागतो."

७

मंगळवारी पडद्यावर आकडा छत्तीस होता.

आठ दिवसांत पहिल्यांदाच तो वाढला होता. पस्तिसाचे छत्तीस. रुद्राणी त्या आकड्याकडं बघत बसली. एक माणूस वाढलं. तिच्या पायांची बोटं थंड फरशीवर आखडून गेली.

साडेदहाच्या आत साहेबांचे बूट दाराशी वाजले. काढल्याचा आवाज, मग मोज्यांची घसट. मागून शेषेराव. त्यांचा चेहरा पडलेला.

"टँकर कुठं गेला होता काल?" साहेबांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मी काय सही केलीय, कळतंय का तुम्हाला? उद्या तो जिल्हा विचारेल, तुमच्या हद्दीत नसलेल्या वस्तीवर पाणी कुणाच्या हुकमानं? काढा ती ओळ. माझ्यासमोर."

"सर, तिथं माणसं आहेत."

"किती?"

"छत्तीस," ती म्हणाली. "सर, त्यातली एक..."

काय सांगायचं होतं? गल्लीतून घागर गेली म्हणून?

"तुम्ही काढता का मी काढू? कुठली कळ?"

रुद्राणीनं हात मांडीवर घेतले. "माझ्यानं होणार नाही, सर." आपण हे मोठ्यानं बोललो, हे तिला नंतर कळलं. कायम नोकरी, उदगीरचं स्थळ टळण्याची आशा, सगळं त्या एका वाक्यात गेलं, आणि तरी तिला हलकं वाटलं नाही.

साहेबांनी टेबलावरचा सरांचा हातानं लिहिलेला कागद ओढला, बोट फिरवलं. "डी," ते म्हणाले, आणि वाकून एका बोटानं कळ दाबली.

एकदाच.

पडद्यावर काही झालं नाही. होणारच नव्हतं. एका डी-वर यंत्र थांबतं. दुसरा यायची वाट बघतं. दिसत काही नाही, पण अर्धा हुकूम आत गेलेला असतो.

"चालत नाहीये हे," साहेब म्हणाले. तेवढ्यात पलीकडं फोन वाजला. त्या काळात फोन वाजला की साहेब धावायचेच. "आलोच मी. तोवर ओळ गेलेली पाहिजे. शेषेराव, चला. फाइल घ्या ती."

ती एकटी राहिली. टप, टप, बादलीत. कर्सरची हिरवी चौकट रेवणप्पाच्या वस्तीवर लुकलुकत होती, डी-ची वाट बघत. एस्केप दाबलं की अर्धा हुकूम रद्द होतो, हे तिला माहीत होतं. पहिल्यांदा आवाज येत नाही. दुसऱ्यांदा टुं वाजतं.

तिनं एका बोटानं एस्केप दाबलं. शांत. ठीक आहे.

पुन्हा दाबलं.

वाजलं नाही.

पुन्हा. पुन्हा. वाजलं नाही. म्हणजे दर वेळी लिहिणं चालू होत होतं. ती बंद करत होती आणि कुणीतरी पुन्हा चालू करत होतं.

तिनं दोन्ही हात वर उचलले, हवेत, खांद्यांच्या उंचीला. चौकट सरकायला लागली. ओळीखालच्या पहिल्या रिकाम्या खुणेवर गेली आणि एक अक्षर उमटलं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. ज्याला टाइप करता येत नाही, जो एकेक कळ शोधून एका बोटानं दाबतो, तसं. चाळीसची गती नव्हती ती. तिची बोटं नव्हतीच ती कधी. आठ दिवस तिनं स्वतःला जे समजावलं होतं, ते त्या संथ अक्षरांबरोबर तिच्याखालून निघून गेलं.

काय लिहिलं जातंय ते वाचायचं नाही, असं ठरवून तिनं मान वळवली. दारात, चपलांच्या जागेवर, तिच्या जोडाला लागून घागर होती. स्टीलची. नाव तिच्याकडं केलेलं. सुलटी, आत दगड नव्हता. काठोकाठ पाणी होतं, इतकं की वरचा पाण्याचा पापुद्रा थरथरत होता.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की तिला फार तहान लागलीय.

बोळातून बुटांचा आवाज आला. साहेब, भराभर चालत. ते कधी खाली बघत नसत. उंबऱ्याशी येऊन टाचेनं टाच दाबून बूट काढायचे आणि पायानंच बाजूला सारायचे. रोज. तिनं ओरडायला तोंड उघडलं.

"गेली का ओळ?" साहेब दारातून म्हणाले.

टण.

पाणी उंबरा ओलांडून आत आलं, फरशीवरून पसरत, थंड, तिच्या अनवाणी पायांपर्यंत. पालथ्या घागरीचं तोंड जमिनीवर घासत डुगडुगल्याचा आवाज येत होता, हळूहळू, हळूहळू. टेबलावर यंत्राशेजारी तहशिलीतून आलेला आजचा कागद होता. रुद्राणीनं नजर त्या कागदावर लावली, पहिल्या गावाच्या पहिल्या अक्षरावर, आणि तिथंच धरून ठेवली. पडद्याकडं नाही, दाराकडं नाही. नजर कागदावरून हलू द्यायची नाही.

दारातला आवाज थांबला.

टुं, यंत्र म्हणालं.